डिकॅफ कॉफी पाणचट लागते? हे करून बघा

डिकॅफ म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी. कॅफीन काढताना बिया भिजवतात आणि पुन्हा वाळवतात. त्यामुळे त्या ठिसूळ होतात आणि भाजल्यावर लवकर शिळ्या पडतात. म्हणून एका वेळी १०० ग्रॅमच घ्या, शक्यतो अख्ख्या बिया, पाकिटावरची भाजल्याची तारीख बघून. रंगावर जाऊ नका. डिकॅफ बी मुळातच तपकिरी असते, त्यामुळे मध्यम भाजलेलीही काळपट दिसते.

स्टीलच्या फिल्टरमध्ये दोन कपांसाठी २० ग्रॅम पूड घ्या, नेहमीपेक्षा दोन-तीन ग्रॅम जास्तच. हलकी दाबा, ठासू नका. डिकॅफ दळताना बारीक भुगा जास्त पडतो आणि जाळी तुंबते. पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबून १२० मिली ओता. थेंब अडले तर पुढच्या वेळी दळण जरा जाडसर ठेवा. डिकॉक्शन, म्हणजे खाली उतरलेला दाट अर्क, पुन्हा उकळू नका, कडवट होतं.

दाटपणा हवा असेल तर माटुंग्याच्या कॉफीवाल्याकडून १० टक्के चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) मिसळून घ्या. चिकोरीत कॅफीन नसतंच. डिकॅफमध्ये मात्र किंचित उरतं, तेव्हा डॉक्टरांनी कॉफी पूर्ण बंद सांगितली असेल तर त्यांना विचारूनच प्या.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत डबा सारखा उघडू नका. फ्रिजमधून रोज आत-बाहेर करणं तर त्याहून वाईट, पुडीला पाणी सुटतं.