भूमिगत चळवळीतून निवडणुकीत आलेल्या नेत्याचे चरित्र कसे लिहावे

स्वातंत्र्यलढ्यात भूमिगत राहून पुढे निवडणुकीच्या राजकारणात आलेल्या नेत्याचे चरित्र लिहायला घेतल्यावर पूर्वार्ध भराभर लिहून होतो. पाठलाग, फितुरी, तुरुंग असे सारे त्यात आयतेच असते. लेखक अडतो तो सांध्यावर. १९४६-४७ नंतर हा माणूस कोणत्या पक्षात गेला आणि का गेला, हा भाग बहुतेक चरित्रे दोन ओळींत उरकतात. म्हणून टिपणांची सुरुवात तिथूनच करावी.

क्रांतिसिंह नाना पाटील यांचेच उदाहरण घ्यावे. तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उतरलेले आणि १९४३ पासून साताऱ्यात ब्रिटिश राजवटीला समांतर उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे नेतृत्व करणारे नाना स्वातंत्र्यानंतर काँग्रेसपासून दूर झाले, शेतकरी कामगार पक्षात गेले आणि पुढे कम्युनिस्ट झाले. त्याच जिल्ह्यात भूमिगत काम केलेले यशवंतराव चव्हाण मात्र काँग्रेसमध्येच राहून १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. दोघांच्या नोंदी समोरासमोर दोन रकान्यांत मांडल्या, की वाटा कधी फुटल्या ते दिसते आणि ‘स्वभावच तसा होता’ या सोयीच्या उत्तराची गरज उरत नाही.

निवडणुकीतील विजयाचे सारे श्रेय जुन्या पराक्रमाला देऊ नये. नाना १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन भरात होते. १९६७ मध्ये ते बीडमधून निवडून आले. तो भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि प्रतिसरकारचे कार्यक्षेत्र तिथे नव्हतेच. असा विजय समजून घ्यायचा तर पक्षाची स्थानिक बांधणी, शेतकऱ्यांचे प्रश्न आणि विरोधी उमेदवार यांचा शोध घ्यावा लागतो.

साधनांपैकी प्रत्येकाला आपला कल असतो. पोलिसांच्या कागदांत क्रांतिकारक हा दरोडेखोर असतो. १९७२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे किमान सहा महिन्यांच्या कारावासाची किंवा भूमिगत काळाची अट होती, त्यामुळे अर्जातील मुदती त्या अटीकडे पाहून लिहिलेल्या असू शकतात. विधिमंडळ आणि लोकसभेच्या कार्यवृत्तांत नेत्याचे स्वतःचे शब्द तारखेसह मिळतात, तरीही चरित्रकार तिकडे फारसे फिरकत नाहीत, हे नवलच.

मुलाखत घेताना ‘तुम्ही स्वतः पाहिले की ऐकले?’ हा प्रश्न नम्रपणे, पण दर वेळी विचारावा. प्रतिसरकारला ‘पत्री सरकार’ हे नाव तळपायांना पत्रे ठोकण्याच्या शिक्षेवरून पडले, असे गावोगाव सांगतात, तर ते ‘प्रति सरकार’चेच बोली रूप आहे, असेही म्हटले जाते. अशा ठिकाणी दोन्ही नोंदवावे. आख्यायिका गाळली, तर लोकांनी त्या नेत्याला कसे पाहिले हेही हरवते.

भूगोलाची चूक सर्वांत सहज होते. नानांचे येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात असले, तरी प्रतिसरकारच्या काळात ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मजकुरात त्या-त्या वेळचे नाव ठेवावे आणि आजचे नाव पहिल्या उल्लेखापाशी एकदाच द्यावे.