घरपट्टी वाढतेय? हरकत घेण्याआधी काय वाढतंय ते पाहा

निवेदन घेऊन राजीव गांधी भवन, म्हणजे नाशिक महापालिकेचं मुख्यालय, गाठण्याआधी एकच गोष्ट तपासा: नेमकं काय वाढतंय? घरपट्टी दोन आकड्यांच्या गुणाकारातून निघते, मिळकतीचं करयोग्य मूल्य आणि त्यावरची कराची टक्केवारी. टक्केवारी महासभा ठरवते. करयोग्य मूल्य ठरवणं हे आयुक्तांचं काम. चुकीच्या टेबलावर दिलेली हरकत दप्तरी दाखल होते, बाकी काही नाही.

समजा, भाडेमूल्य (घर भाड्याने दिलं तर मिळेल असं धरलेलं भाडं) चौरस मीटरला महिना ५ रुपये आणि घर ५० चौरस मीटरचं. महिन्याचे २५०, वर्षाचे ३,०००. दुरुस्तीपोटी कायद्याने मिळणारी १० टक्के वजावट केली की करयोग्य मूल्य २,७०० रुपये. भाडेमूल्याचा दर १० रुपये केला तर तेच ५,४०० होतं. टक्केवारी जागची हलली नाही, तरी बिल दुप्पट. त्यामुळे ‘कराचा दर वाढवलेला नाही’ हे विधान अक्षरशः खरं असू शकतं आणि खिसाही रिकामा होऊ शकतो. २०१८ मध्ये तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी भाडेमूल्याचे दरच वाढवले, मोकळे भूखंडही त्यात आले आणि शहरभर वाद पेटला तो याच मुद्द्यावर.

टक्केवारी वाढणार असेल तर वेळ महत्त्वाची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ नुसार पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, तेही स्थायी समितीच्या प्रस्तावावर. म्हणजे जानेवारीतच हालचाल हवी. मार्चमध्ये मोर्चा काढला तर फोटो चांगले येतात.

प्रस्तावाची प्रत आधी आपल्या नगरसेवकाकडे मागा, मग नगरसचिव विभागात. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून हा अर्ज डिसेंबरातच टाकलेला बरा. गेल्या वर्षीची घरपट्टीची मागणी, वसुली आणि थकबाकी विभागवार मागा. थकबाकी मोठी असेल तर ‘आधी ती वसूल करा’ हा मुद्दा भावनिक आवाहनापेक्षा जास्त टोचतो.

हरकतीचं पत्र एका पानात बसवा. प्रत्येक सहीपुढे पत्ता आणि बिलावरचा मिळकतीचा क्रमांक हवा. नुसत्या सह्यांना वजन नसतं. सोसायटीचं पत्र असेल तर ठराव, शिक्का आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या जोडा. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्षण कर, रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे आहेत, महापालिका ते फक्त गोळा करते. त्यांवर इथे भांडण्यात अर्थ नाही.

वाढ फक्त तुमच्याच मिळकतीची असेल तर मार्ग वेगळा. विशेष नोटीस आली की तिच्यावरची मुदत पाहा आणि त्याआधी विभागीय कार्यालयात लेखी हरकत द्या. सुनावणीला बांधकाम परवानगी, पूर्णत्वाचा दाखला आणि जुनी बिलं न्या. चुका बहुतेक तीनच ठिकाणी सापडतात: मोजलेलं क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष आणि वापर. मालक स्वतः राहत असताना नोंद भाडेकरूची असेल तर आकडा फुगतो. वीजबिल आणि सोसायटीचा दाखला तिथे कामी येतो.

हरकत फेटाळली तर त्याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं, पण १५ दिवसांत. हरकत आधी घेतलेली असणं आणि मागणीची रक्कम महापालिकेकडे जमा केलेली असणं, या दोन्ही अटी आहेत. म्हणून ‘हरकत कायम ठेवून’ असं पत्र देऊन बिल भरा. ‘निकाल लागेपर्यंत भरणार नाही’ म्हणणाऱ्यांच्या थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, आणि अपीलही दारातच अडतं. महासभेचा ठराव किंवा आयुक्तांचा आदेशच बेकायदा वाटत असेल तर कलम ४५१ खाली तो निलंबित करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. ते निवेदन मंत्रालयातल्या नगरविकास विभागाकडे, ठरावाच्या प्रतीसह पाठवा.