दोन फळ्या आणि बाकीची तयारी

जलाशयाच्या काठी एकट्याने कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी, घेऊन जायचे असेल, तर गाडीत सर्वांत आधी दोन जाड लाकडी फळ्या ठेवाव्यात. कपडे, शिधा, दुर्बीण आणि बिछाना यांच्याही आधी ठेवाव्यात, कारण मागच्या फेब्रुवारीत या सगळ्या वस्तू मी आठवणीने नेल्या होत्या, फळ्या मात्र नेल्या नव्हत्या. परिणामी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्याकाठी साडेतीन टनांची भाड्याची गाडी मागच्या दोन्ही चाकांनी गाळात रुतवून मी एक अख्खी रात्र उतरत्या बिछान्यावर, पाय डोक्यापेक्षा खाली ठेवून काढली.

हे कसे घडते ते समजून घेतल्याशिवाय फळ्यांचे महत्त्व पटत नाही. दिवाळीनंतर धरणाचे पाणी हळूहळू उतरू लागते आणि पावसाळ्यात बुडालेली जमीन पट्ट्यापट्ट्याने उघडी पडते. तिचा वरचा थर उन्हाने वाळतो, त्यावर बोटभर रुंदीच्या भेगा पडतात, गुरे बिनदिक्कत चालत जातात आणि गावातल्या मोटारसायकलीही थेट पाण्यापर्यंत उतरतात. हे पाहून आपल्यालाही धीर येतो. मात्र कॅम्परच्या एकेका चाकावर सरासरी नऊशे किलो भार असतो आणि टाकीत शंभर लिटर पाणी भरले की गाडीचे एकूण वजन आणखी शंभर किलोंनी वाढते. तो भार पडताच वरचा पापुद्रा फुटतो व खालचा ओला, चिकण गाळ चाकाला धरून ठेवतो. याच क्षणी बहुतेक जण जी चूक करतात तीच मी केली, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबत राहिले. फिरणारे चाक अशा गाळात पुढे जात नाही, ते स्वतःसाठी खड्डा खणते. तीन-चार मिनिटांत मागचा एक्सल जमिनीला टेकला. सोबत कोणी असते तर एकाने धक्का दिला असता, निदान एकाने खाली उतरून चाकाकडे पाहत ‘थांब’ म्हटले असते. एकट्याच्या प्रवासात ही दोन्ही कामे करायला कोणी नसते, म्हणून फळ्या न्यायच्या.

त्या रात्री गाडीत लाकडाची एकच वस्तू होती, ती म्हणजे पोळपाट. अंधार पडल्यावर, टॉर्च दातांत धरून, तोही मी चाकाखाली दिला. त्याचे दोन तुकडे झाले आणि चाक जागचे हलले नाही. पायपुसणे, दरवाजातली रबरी चटई आणि घडीच्या खुर्चीचे कापड हेही प्रयोग करून झाले. ते सगळे गाळात गेले आणि खुर्चीचे कापड तर परत मिळालेच नाही. सकाळी वरच्या बागेतून एक गृहस्थ फवारणीचा छोटा ट्रॅक्टर घेऊन आले. द्राक्षबागेच्या दोन ओळींतून फिरण्यासाठी केलेला तो अरुंद, हलका ट्रॅक्टर साडेतीन टन कसा ओढणार? त्याचीच चाके फिरू लागली. मोठा ट्रॅक्टर गावात होता, परंतु फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांच्या काढणीचे दिवस, त्यामुळे तो येईपर्यंत दुपार झाली. “ताई, वरून कोरडं दिसतं, खाली नुसतं लोणी हाय,” एवढेच ते म्हणाले. पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला, चहा मात्र घेतला. कुणाच्या ऐन हंगामातला अर्धा दिवस आपल्या आळसापायी खर्च होणे मला रुतण्यापेक्षाही अधिक लागले.

तर फळ्या. लाकडाच्या वखारीत किंवा बांधकामाचे साहित्य मिळते तिथे सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या स्वस्तात मिळतात. लांबी साधारण चार फूट, रुंदी चाकापेक्षा थोडी अधिक आणि जाडी दीड ते दोन इंच असावी. प्लायवुडचा तुकडा चालत नाही, कारण तो ओला झाला की सोलतो व भाराखाली वाकतो. प्रत्येक फळीच्या एका टोकाला भोक पाडून त्यात हातभर लांबीची रंगीत नायलॉनची दोरी बांधावी, कारण चाक वरून गेल्यावर फळी गाळात गडप होते आणि दोरीच्या टोकाशिवाय ती सापडत नाही. सोबत छोटे फावडे हवे. चाकापुढची माती उतरती काढून फळी चाकाला भिडवायची असते, नुसती समोर टाकायची नसते. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात कांद्याची जुनी गोणपाटे मिळतात, त्यांपैकी चार-सहा फळीखाली अंथरली तर फळी घसरत नाही. चाकातली हवा थोडी कमी केल्यास टायर पसरतो आणि त्याची पकड वाढते, पण नंतर हवा भरायला बॅटरीवर चालणारा पंप जवळ असेल तरच हा उपाय करावा. फळ्या आठवायच्या सर्वांत आधी, पण गाडीच्या मागच्या कप्प्यात सर्व सामानाच्या वर ठेवायच्या. तळाशी ठेवल्या आणि रुतल्यावर सगळे सामान चिखलात उतरवावे लागले तर तो दोष माझ्यावर येऊ नये म्हणून हेही लिहिले आहे. गाडी भाड्याची असेल तर ओढण्याचा हूक कुठे बसतो आणि तो प्रत्यक्षात गाडीत आहे का, हे ताब्यात घेतानाच पाहावे. ओढायला दोरखंड किंवा साखळी हवी, कपडे वाळवायची दोरी नव्हे.

आता जागेची निवड. नाशिककरांना पाण्याची वाण नाही. शहरापासून सर्वांत जवळ गंगापूर, तिथे गंगावऱ्ह्याला पर्यटन महामंडळाचे निवास असल्यामुळे पहिल्या रात्रीसाठी पक्क्या जमिनीवर गाडी लावण्याची चौकशी तिथेच करावी. त्यापलीकडे धोंडेगावकडचे कश्यपी. इगतपुरीच्या अंगाला दारणा, मुकणे, भावली आणि मुंबईला पाणी पुरवणारे वैतरणा. पूर्वेला निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर. यांपैकी दारणा १९१६ सालचे आहे, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ त्याच्या तळाशी गाळ साठत आला आहे, हे काठावरची मऊ, सपाट, छायाचित्रात फार सुंदर दिसणारी जमीन पाहताना आठवावे. पहिल्याच सहलीत तीन जलाशयांचा बेत करू नये. एक जलाशय, दोन रात्री, एवढे पुरते.

उघड्या पडलेल्या या जमिनीवर अनेक ठिकाणी गाळपेर होते, म्हणजे पाणी उतरेल तसतशी शेतकरी तिथे हरभरा, गहू किंवा भाजीपाला करतात. कोवळे पीक लांबून गवतासारखे दिसते, म्हणून ‘मोकळे मैदान’ समजून त्यावर गाडी घालू नये. जमीन जलसंपदा विभागाची आणि पीक एखाद्या कुटुंबाचे, अशा ठिकाणी आपला हक्क काहीच नसतो. गावात थांबून पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत भेटावे, आपण कोण, किती रात्री थांबणार आणि गाडी कुठे लावू, हे विचारावे. यात सुरक्षिततेचा भाग आहेच, शिवाय कुठली जमीन गाडीचा भार पेलते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. मी विचारले नाही, कारण सूर्यास्त चुकेल असे वाटले. सूर्यास्त दिसला, गाडीच्या तिरक्या काचेतून.

घरी एका व्यक्तीजवळ लेखी वेळापत्रक ठेवावे, आणि त्यात ‘सकाळी नऊपर्यंत फोन आला नाही तर अमुक गावात चौकशी करावी’ असे स्पष्ट वाक्य असावे. ‘पोचल्यावर कळवते’ याला व्यवस्था म्हणत नाहीत. डोंगरांच्या बेचक्यांत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि ११२, रुग्णवाहिकेचा १०८ व वनविभागाचा १९२६ हे क्रमांक कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवावेत. कागदाच्या दुसऱ्या ओळीत ‘फळ्या’ असे लिहावे.

पाणी, गॅस आणि वीज यांविषयी थोडक्यात. पिण्याचे पाणी घरून न्यावे. वापरलेले पाणी आणि शौचालयाची टाकी कोणत्याही परिस्थितीत काठावर रिकामी करू नये. गंगापूरचे पाणी नाशिक शहर पिते, त्यामुळे भांडीसुद्धा जलाशयात विसळू नयेत. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साठतो, तेव्हा तळाजवळची हवा जाण्याची जाळी कापडाने बुजवलेली नाही याची खात्री करावी. बॅटरीचा हिशेब सोपा आहे: बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास, आणि ती जुन्या शिसे-आम्लाच्या प्रकारची असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत. पंखा, दिवे व फोन यांना तेवढे पुष्कळ होते. एअर कंडिशनरचा विचार सोडून द्यावा. गाडीची उंची फुटांत लिहून ठेवावी, कारण गिरणारे गावाच्या पुढे आडरस्त्यावर बाभळीच्या फांद्या आणि खाली लोंबणाऱ्या तारा यांचा अंदाज बसल्या जागेवरून येत नाही. भाजी मात्र गिरणाऱ्यातच घ्यावी, टोमॅटो शहरापेक्षा चांगला मिळतो.

नांदूर मध्यमेश्वरचा बेत असेल तर तयारी थोडी निराळी लागते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा उथळ जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी आणि नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो) यांच्यासाठी पहाटे मनोऱ्यावर असावे. अभयारण्याच्या हद्दीत रात्री गाडी लावण्याचा विचारही करू नये. चापडगाव किंवा खाणगाव थडीच्या बाजूला वस्तीजवळ, मालकाला विचारून थांबावे. इथला परिसर उसाचा आहे, आणि निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या असतो हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अंधार पडल्यावर एकट्याने पाण्याकडे चालत जाऊ नये, उरलेले अन्न बाहेर ठेवू नये, दार उघडण्यापूर्वी बाहेरचा दिवा लावावा. दुसरी गोष्ट थंडीची. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि पत्र्याची गाडी रात्रभर गार होत राहते. म्हणून एखादी गोधडी जास्त घ्यावी, परंतु बंद गाडीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. याला अपवाद नाही. काळ्या जमिनीचा हा तालुका आहे, तेव्हा अवकाळीची एक सर आली तरी शेतरस्ता निसरडा होतो. फळ्या.

पावसाळ्यात हा प्रवास करूच नये असे माझे मत आहे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वरच्या कश्यपी-गौतमी धरणांतून गंगापूरमध्ये पाणी येते, गंगापूरमधून विसर्ग वाढला की नाशिकच्या गोदाघाटावर लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढले ते पाहायला जमतात. त्या दिवशी आपली गाडी नदीकाठी नसावी. एरवीही काठावरच्या दगडांवर जुन्या पाण्याची रेघ दिसते, तिच्या वरच मुक्काम करावा. मी त्या रेघेच्या बरीच खाली होते. तिच्या वर गाडी लावली असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती, आणि तरीही फळ्या न्याव्यात असेच मी म्हणाले असते.

जागेवर पोचल्यावर गाडी पक्क्या रस्त्यावर उभी करावी आणि उतरून पायी जावे. दर दहा पावलांवर टाच जोरात रोवून पाहावी, काठी किंवा पहार असेल तर ती खुपसावी. टोकाला ओला गाळ लागला की तिथून परत फिरावे. उजेड असताना पोचावे. गाडीचे तोंड बाहेर निघण्याच्या दिशेला ठेवावे. चाकांमागे लाकडी ठोकळे लावावेत. रात्री बाहेरचे दिवे जळत ठेवू नयेत, चिलटे आत येतात. औषधे, टॉर्च, सुटे पैसे, डासांचे मलम. बाकी जे लागते ते ज्याचे त्याला कळते.

निघताना कचरा सोबत घ्यावा, मारुतीच्या पारावर बसलेल्यांना निघाल्याचे सांगावे, टाक्या अधिकृत ठिकाणी रिकाम्या कराव्यात. गाडी परत करताना फळ्या उतरवून घ्यायला विसरू नये. त्या धुऊन, उन्हात वाळवून दाराजवळ चपलांच्या मागे उभ्या कराव्यात. माळ्यावर टाकू नयेत. माझ्या पहिल्या दोन फळ्या त्या फेब्रुवारीत माळ्यावरच होत्या.