कचऱ्यातून वीज हवी, तर बादली अशी भरा

साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी झाली माझी. बगॅसमध्ये, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्यात, निम्म्याच्या आसपास पाणी असतंय, तेवढ्यावर वाफ धरते. त्याहून ओला आला की प्रेशर खाली आणि मिलवाल्यांचा आवाज वर. म्हणून तालमीच्या कट्ट्यावर कुणी म्हणालं, “कचरा जाळायचा, वीज करायची, हाय काय त्यात,” की मी विचारतो, कुठला कचरा? खरकट्यात दहातले सात-आठ भाग पाणीच. दिल्लीत तिमारपूरला 1987 साली कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प उभारला होता. आलेल्या कचऱ्यात पुरेशी उष्णताच नव्हती, थोड्याच दिवसांत बंद पडला.

ओल्याची वीज जाळून नाही, कुजवून निघते. हवाबंद टाकीत जिवाणू अन्न खातात आणि बायोगॅस सोडतात. त्यात साधारण साठ टक्के मिथेन. हाच मिथेन कसबा बावड्याच्या, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या कचरा डेपोच्या ढिगातून मोकळा सुटला तर आगीला निमित्त होतो, शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त तापवतो. टाकीत धरला, तर इंजिन फिरवतो.

आता बादली. शिळी भाकरी, भात, भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा हे सगळं हिरव्या बादलीत, पिशवीशिवाय. पिशवीला गाठ मारून दिलीत तर ती प्लांटवर कुणाला तरी हातानं फोडावी लागते. रविवारचं मटण झालं की हाडं वेगळी काढा. ती क्रशरची पाती खातात आणि टाकीत महिनोन् महिने तशीच पडून राहतात. करवंटी, आंब्याची कोय, अंड्याची टरफलं यांचंही तेच. कांद्याची सालंही नकोत. रश्शाचा थोडा तवंग चालतो, पण मिसळीच्या गाडीवरचा उरलेला कट डबाभर ओतू नका, तेलाची साय वर धरून बसते. बादली फिनेलनं धुऊन ते पाणी आत सोडणारे महाभाग आमच्या पेठेतही आहेत. जिवाणूच मेले, तर गॅस कोण करणार?

निर्माल्यातली फुलं चालतील, पण दोरा, जरी आणि थर्माकोल काढून.

सुक्याचं थोडक्यात सांगतो. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा भंगारात. कुरकुऱ्यांच्या पाकिटासारखं भंगारवालाही घेत नाही, तेवढंच जाळायला योग्य. 2016 च्या घनकचरा नियमांत किलोला 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा ऊर्जेसाठीच वापरा असं होतं. घरामागं मात्र काहीही पेटवू नका. पीव्हीसी प्लास्टिकचा धूर विषारी. पॅड-डायपर कागदात गुंडाळून वेगळे. सेल, ट्यूब, औषधं त्याहून वेगळी.

हिशेब बघा. चांगल्या निवडलेल्या एक टन ओल्या कचऱ्यातून ऐंशी ते शंभर घनमीटर गॅस निघतो, आणि एका घनमीटरला इंजिनवर दीड ते दोन युनिट. हजार घरांनी रोज अर्धा किलो दिलं तर सत्तर-ऐंशी युनिट. क्रशर आणि पंपाचा खर्च वजा करून चाळीस वॅटचे शंभरेक रस्त्यावरचे दिवे रात्रभर चालतील. यावर अख्खं कोल्हापूर उजळेल, असं कुणी भाषणात म्हणालं तर टाळ्या वाजवू नका. माझ्या लेखी मोठा फायदा दुसराच: तो अर्धा टन बावड्याला जात नाही. डिझेल वाचतं, ढीग वाढत नाही, आणि पावसाळ्यात त्यातून झिरपणारं काळं पाणी तेवढं कमी. टाकीत उरलेली स्लरी, म्हणजे पातळ राबडी, ऊसवाल्यांना खत म्हणून देता येते.

मंडळानं किंवा अपार्टमेंटनं स्वतःचा प्लांट घ्यायचा ठरवला, तर पहिली भरणी ताज्या शेणाची करा आणि पहिले काही आठवडे कचरा हळूहळू वाढवा. एकदम भरला तर टाकी आंबट होते, गॅस बसतो. इंजिनाआधी हायड्रोजन सल्फाइड काढायचा फिल्टर आहे का ते बघा, नाहीतर इंजिन गंजतं. देखभालीचा माणूस कराराआधी ठरवा. उद्घाटनाला पुढारी मिळतात, क्रशर धुवायला कुणी मिळत नाही.

आणि विजेचा मीटर दर्शनी भागात लावा. आकडा घसरला की त्या आठवड्यातल्या बादल्या उघडून बघायच्या.