मुलांच्या हातातला मोबाईल : आधी अंतर, बाकी नंतर

मी साताऱ्यात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. पालकसभेत मार्कांचं बोलणं आटोपलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, समोरच्या बिल्डिंगवर टॉवर आहे, पोरांना काही होणार नाही ना?" विचारणाऱ्या आईच्या कडेवर बऱ्याचदा धाकटं असतं आणि त्याच्या गालाला मोबाईल चिकटलेला असतो. मी सुरुवात त्या मोबाईलपासून करते.

आधी भीती जरा बाजूला ठेवू. मोबाईल आणि टॉवरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतले रेणू तोडत नाहीत, शरीराचा भाग किंचित तापवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. नंतर भारतासह १४ देशांत १० ते २४ वयोगटातल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. त्यात मोबाईलमुळे मेंदूत गाठी होतात असं आढळलं नाही. मग काळजी कशाला? कारण मुलांच्या कवटीचं हाड पातळ असतं. तोच फोन कानाला लावला तर मुलांच्या मेंदूत मोठ्यांच्या सरासरी दुप्पट ऊर्जा शोषली जाते. शिवाय त्यांना हे यंत्र आणखी साठ-सत्तर वर्षं वापरायचंय. आणि खबरदारीला पैसा लागत नाही.

अंतर दुप्पट केलं की लहरींचा जोर साधारण चौथाईवर येतो. म्हणून आजीशी बोलायचं तर स्पीकर लावा, फोन टेबलावर ठेवा. गाणी-गोष्टी दाखवायच्याच असतील तर आधी डाउनलोड करून घ्या आणि एअरप्लेन मोड लावूनच फोन हातात द्या. (दोन वर्षांखालच्या बाळाला तोही नको, असं बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते. घास भरवताना तर नकोच.) वायफायचा राउटर पाळण्याच्या किंवा अभ्यासाच्या टेबलाच्या डोक्यावर नको, हॉलच्या कोपऱ्यात चालेल.

सिग्नल कमी असेल तिथे फोन स्वतःचा जोर वाढवतो, ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस उघडा. तिथे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायच्या एककात, आकडा दिसेल. माझ्या माहेरच्या जाड भिंतींच्या माजघरात तो उणे ११० असतो, अंगणात आलं की उणे ९०. फरक वीसचा दिसतो, पण त्याचा अर्थ माजघरात टॉवरचा सिग्नल शंभरपट क्षीण पोचतो, आणि फोनला तितकं जोरात ओरडावं लागतं. तेव्हा बोलायला पोरांना अंगणात पाठवा. लिफ्टमध्ये, तळघरात, घाटातून चाललेल्या एसटीत फोन खिशातच राहू दे, नाहीतर बंद ठेवा.

रात्री फोन उशीखाली अजिबात नको. सगळ्यांचे फोन, आईबाबांचेसुद्धा, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. उठण्यासाठी गजराचं घड्याळ आणा. उशीखालच्या फोनने झोप बिघडते हे मला रोज पहिल्या तासाला वर्गात दिसतं, आणि मला त्याची काळजी टॉवरपेक्षा जास्त वाटते.

नवा फोन घेताना *#०७# दाबून 'सार'चा (SAR, म्हणजे शरीर फोनची किती ऊर्जा शोषतं त्याचं माप) आकडा बघा. आपल्याकडची मर्यादा दर किलोला १.६ वॅट. 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर मात्र घेऊ नका. अँटेना झाकला गेला तर फोन उलट जास्त जोर लावतो.

आता टॉवर. त्याचे उभे अँटेना लहरी समोरच्या दिशेला फेकतात, थेट खाली फार कमी. त्यामुळे ज्यांच्या गच्चीवर टॉवर आहे त्यांच्यापेक्षा समोरच्या, त्याच उंचीवरच्या मजल्याने जास्त लक्ष द्यावं. अँटेनासमोर गच्चीत मुलांना खेळू देऊ नका. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर नियमात आहेत का ते पाहता येतं, आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीही मागता येते. एकट्याला खर्च जड वाटला तर सोसायटीच्या सभेत विषय मांडा, आणि मोजणीला माणसं येतील तेव्हा मुलं झोपतात त्या खोलीतलंही माप घ्यायला सांगा.