साखर तोडली म्हणून गाठ मरत नाही : या चुका टाळा

मेंदूत गाठ निघाली की खानापूर-निपाणीकडच्या घरांत पहिला हुकूम सुटतो : साखर, गूळ, भात बंद. कुंदा (बेळगावकडची खव्याची मिठाई) बंद झाला तर बिघडत नाही. पण आठवड्याभरात भाकरीही अर्ध्यावर येते, कारण 'गाठीला उपाशी मारायचं' असतं.

उपास घडतो तो पेशंटला. पोटात साखर गेली नाही तरी यकृत रक्तातली साखर टिकवतं आणि साठा संपला की त्यासाठी दंड-मांड्यांचे स्नायू मोडतात. गाठीच्या पेशीही एकट्या ग्लुकोजवर अवलंबून नसतात. ग्लुटामाइन, अ‍ॅसिटेट अशी रक्तातली दुसरी द्रव्यं, मिळेल ते वापरतात. 2025 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑपरेशनच्या वेळी पेशंटना खूण केलेलं, म्हणजे शरीरात कुठं जातं याचा माग काढता येईल असं ग्लुकोज देऊन पाहिलं. निरोगी मेंदू ते ऊर्जेसाठी वापरतो. गाठ ते डीएनएचे घटक बनवायला वळवते आणि सेरीन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) बाहेरून उचलते. सेरीन वगळलेल्या खाद्यावर उंदरांतली गाठ मंदावली. एवढं मोबाइलवर वाचून लोक डाळ, अंडी, दूध तोडतात! ते खाद्य मुद्दाम बनवलेलं होतं, ते घरच्या चुलीवर होत नाही. साठ किलोच्या पेशंटला रोज 60 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, हिशेब करा.

दुसरी चूक डेक्सामेथासोनची. मेंदूची सूज उतरवणारी ही गोळी साखर चढवते, तीही जास्त करून दुपारनंतर. घरचे मात्र फक्त सकाळी उपाशीपोटी तपासतात. मग ठरलेला प्रकार : सकाळी आकडा 98, सगळे निर्धास्त. चारच्या सुमारास पेशंट गुंगीत, सारखं पाणी, सारखी लघवी. 'गाठ वाढली' म्हणत गाडी काढून स्कॅनसाठी बेळगाव गाठायचं आणि तिथं बोटाला सुई टोचल्यावर साखर चारशे! दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा, वहीत लिहा. गोळी सकाळी नाश्त्यानंतर. आणि साखर वाढली म्हणून ती मनानं बंद करू नका; सूज उलटते. डोस डॉक्टरच टप्प्याटप्प्यानं कमी करतील.

डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना परस्पर किटो आहार (साखर-धान्य जवळपास बंद, भर तेला-तुपावर) नको. रक्तात आम्ल साठतं.

टेमोझोलोमाइड या गाठीवरच्या केमोच्या औषधाची कॅप्सूल फोडून दह्यात कालवू नका, अख्खी गिळायची.

पेट स्कॅनमध्ये मेंदू उजळला म्हणून रडारड नको. निरोगी मेंदूही ग्लुकोज भरपूर ओढतो, त्यामुळे साध्या एफडीजी पेटवर (यात ग्लुकोजसारखं द्रव्य टोचतात) गाठ त्या उजेडात लपूही शकते. म्हणून काही ठिकाणी अमिनो आम्लाचं पेट करतात. रिपोर्ट हाती पडल्यावर आधी कोणतं पेट झालंय ते विचारा.