अमेरिकन स्टडीजमध्ये पीएचडी करायचीय? युनिव्हर्सिटी निवडताना या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की एसओपी (प्रवेश अर्जासोबत लिहायचं उद्देशपत्र) वाचायला यायला लागतात आणि सोबत तोच प्रश्न, "ताई, हार्वर्ड बरं की येल?" अरे, विषय काय आहे ते तरी आधी सांगा! डेडलाइन डिसेंबरात आणि शॉर्टलिस्ट कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली, सगळ्यांनी तीच उचललेली.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अमेरिकन स्टडीज म्हणजे अमेरिकेचं परराष्ट्र धोरण असं धरून चालणं. आपल्याकडे हा घोळ होतो कारण जेएनयूसारख्या ठिकाणी अमेरिकेचा अभ्यास इंटरनॅशनल स्टडीजमध्येच बसवलाय. तिकडे हा विषय इतिहास आणि साहित्य एकत्र करून उभा राहिला, हार्वर्डचा प्रोग्रॅम १९३७ चा, आणि आता त्यात वंश, स्थलांतर, सिनेमा, संगीत, म्युझियम, मूळ रहिवासी असं सगळं येतं.

ओळखीतला एक मुलगा, राज्यशास्त्रात एमए, वाचन दांडगं. २००८ च्या भारत-अमेरिका अणुकरारावर प्रपोजल लिहिलं आणि सगळे अर्ज अमेरिकन स्टडीजलाच ठोकले, एकेका अर्जाची फी शंभर डॉलरच्या आसपास. सगळीकडून नकार आला तेव्हा मला विचारतो, जीआरईचा (प्रवेशपरीक्षेचा) स्कोअर कमी पडला का? यातल्या बऱ्याच ठिकाणी आता जीआरई मागतसुद्धा नाहीत. मग त्याच्यासोबत बसून एकेका डिपार्टमेंटची फॅकल्टी लिस्ट उघडली तर कुणी जॅझवर काम करतंय, कुणी गुलामगिरीवर, कुणी मेक्सिको बॉर्डरवर. एक प्राध्यापक राजनैतिक इतिहासवाले सापडले तर ते बसतात इतिहास विभागात! पुढच्या वर्षी तेच प्रपोजल थोडं बदलून इतिहासाच्या डिपार्टमेंट्सना पाठवलं आणि काम झालं. ही लिस्ट आधी उघडायला एक दुपार पुरली असती, पण घाई ना.

दुसरी माझी लाडकी चूक, रँकिंग. क्यूएसच्या जागतिक युनिव्हर्सिटी यादीतला एकूण नंबर बघून या विषयात काहीही कळत नाही. डिपार्टमेंटची नावंसुद्धा सारखी नसतात, मिशिगनला अमेरिकन कल्चर, यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया) अमेरिकन स्टडीज अँड एथ्निसिटी, एनवाययूला (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) सोशल अँड कल्चरल अ‍ॅनालिसिसच्या पोटात, त्यामुळे नुसतं सर्च मारून केलेल्या यादीतून चांगली ठिकाणं गळतात. आता समजा तुम्हाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची ब्लॅक पँथर संघटना आणि दलित पँथर यांच्यावर काम करायचंय (मराठी मुलांचा आवडता विषय, आणि चांगलाच आहे, १९७२ ला आपल्याकडे नावच तिथून घेतलं होतं). मग ब्लॅक पॉवरवर काम करणारं कुणीतरी हवं, आणि त्याच कॅम्पसवर जात आणि दक्षिण आशिया कळणारंही कुणीतरी हवं, डिपार्टमेंट दुसरं असलं तरी चालेल. नाहीतर तिसऱ्या वर्षी प्रबंध तपासणाऱ्या कमिटीला नामांतर म्हणजे काय इथपासून समजावत बसाल.

मी स्वतः वेबसाइटवरच्या गोड गोड परिच्छेदांवर विश्वास ठेवत नाही. प्रोक्वेस्ट या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्या डिपार्टमेंटचे गेल्या चारपाच वर्षांतले प्रबंध काढायचे आणि आधी आभाराचं पान वाचायचं. कुणी चॅप्टर खरंच वाचले, कुणाचं नाव नुसतं रीत म्हणून आलंय, कुठल्या आर्काइव्हमध्ये उन्हाळे घालवले, पैसे कुठून आले, सगळं तिथे असतं. आर्काइव्हवरूनच गाव ठरवा असं मी म्हणेन. जॉर्ज वॉशिंग्टन किंवा मेरीलँडला असाल तर लायब्ररी ऑफ काँग्रेस मेट्रोच्या अंतरावर, लॅटिन अमेरिकेशी जोडलेलं काम असेल तर टेक्सास युनिव्हर्सिटीचं ऑस्टिनमधलं बेन्सन कलेक्शन.

एकाच प्रोफेसरसाठी युनिव्हर्सिटी निवडू नका. लोक रिटायर होतात, नोकरी बदलतात. किमान तिघं हवेत.

जुन्या ब्लॉगवरून यादी करू नका. बॉस्टन युनिव्हर्सिटीने नोव्हेंबर २०२४ मध्ये डझनभर विषयांत पुढच्या वर्षी नवे पीएचडी विद्यार्थी घेणार नाही असं जाहीर केलं, त्यात अमेरिकन अँड न्यू इंग्लंड स्टडीज होतं. यंदाचं पान यंदाच बघा.

फंडिंग नसलेली पीएचडी घेऊच नका, विषय संपला. आणि फंडिंग असेल तर स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बाराचा, किती वर्षं लेखी गॅरंटी, हे विचारा, लाजू नका. फेब्रुवारीत ऑफर आली की दुसऱ्या दिवशी हो म्हणणारे बघितले की कपाळावर हात मारावासा वाटतो, बहुतेक मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी १५ एप्रिलपर्यंत वेळ द्यायचं मान्य केलेलं असतं. तेवढ्यात दुसरी ऑफर येते, कॅम्पसवरच्या विद्यार्थ्यांशी बोलणं होतं.

फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल रिसर्च फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची असते आणि ती भारतात पीएचडीला रजिस्टर असलेल्यांसाठी आहे. तिच्यावर अख्खी अमेरिकन पीएचडी निघत नाही, दरवर्षी कुणीतरी याच भरवशावर बसलेलं असतं.

जर्मनी हा शॉर्टकट आहे असं समजू नका. हायडेलबर्ग किंवा बर्लिनचं केनेडी इन्स्टिट्यूट उत्तम आहे, साधारण तीन वर्षांत होतं म्हणतात, पण ते एमए झालेलं आणि विषय पक्का असलेलं माणूस धरून. अमेरिकेत पहिली दोनेक वर्षं कोर्सवर्कमध्ये विषय बदलायला मुभा मिळते, जर्मनीत पहिल्या दिवशी प्रपोजल तयार लागतं.

आणि हो, हा विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) येत नाही. डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत काम करायची परवानगी, एकच वर्ष, इंजिनिअर भावासारखी वाढीव दोन वर्षं मिळत नाहीत. घरी कुणी त्या हिशोबाने स्वप्नं बघत असेल तर अर्ज भरायच्या आधी सांगून टाका.